गुलाबी की पिवळा

भिंग गळ्यात अडकवा. दहापट मोठं दाखवणारं, दोरीला बांधलेलं, मिटलं की मुठीत मावणारं. एवढं एकच बरोबर घ्यायचं. जिथे जायचं आहे तिथे तुम्ही कोणाला दिसणार नाही. ऊन मात्र लागेल, वास येतील, पान हातात धरता येईल. भिंग उघडलंत की समोरचं मोठं दिसेल, मिटलंत की साल आणि गाव बदलेल. जिला शोधायचं आहे ती जेमतेम दीड मिलिमीटरची आहे, तिळाहूनही लहान.

मिटा.

१९७३. काँगो नदीच्या काठावर किन्शासा शहर जागं होतंय. देशाचं नाव दोन वर्षांपूर्वी बदलून झाईर झालं आहे. पलीकडच्या काठावर दिसतंय ते ब्राझाव्हिल, दुसऱ्या देशाची राजधानी. बाजारात कोळशाचा धूर आणि तापलेल्या पामतेलाचा वास भरून राहिला आहे. बायका जमिनीवर कापड अंथरून हिरव्या पानांच्या जुड्या मांडून बसल्या आहेत. ही कसाव्याची पानं. उखळात कुटून पामतेलात शिजवली की पोंडू नावाची भाजी होते. शेजारी पानात गुंडाळलेले लांबट गोळे रचले आहेत, ते क्वांगा. कसाव्याचा कंद भिजवून, आंबवून, कुटून, उकडून केलेला. इथे जेवण म्हणजे बहुतेक घरांत हेच: खाली कंद आणि वर पानं, एकाच झाडाची.

कसावा तुम्हाला परका नाही. त्याला आपण साबुकंद म्हणतो, आणि उपवासाच्या आदल्या रात्री भिजत घालतो तो साबुदाणा ह्याच कंदाच्या सत्त्वाचा. इथे मात्र तो उपवासाचा पदार्थ नाही. तो नसला तर उपवास घडतो.

जुड्यांकडे नीट पाहा. पानं आखूड आहेत, वळलेली, सुरकुतलेली. बाजारातून बाहेर पडून शेताच्या रस्त्याला लागा, कारण कळेल. झाडांचे शेंडे आवळून गुच्छ झाले आहेत. दोन पेरांमधलं अंतर बोटभर असायला हवं, ते नखाएवढं उरलं आहे. गुच्छाच्या खाली दांडा उघडा पडला आहे, पानं गळून गेली आहेत. शेंडा उलटा करा आणि भिंग उघडा.

पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय ना? कापूस, सीताफळ किंवा डाळिंब लावणाऱ्या कोणालाही हा जीव लगेच ओळखू येईल. पिठ्या ढेकूण. पांढऱ्या मेणाखाली त्याचं अंग पाहा. गुलाबी आहे. हा रंग लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. इथे नर एकही सापडायचा नाही. सगळ्या माद्याच, आणि प्रत्येक मादी नराशिवाय काहीशे अंडी घालते. कोरड्या महिन्यांत पाऊस धुवायला येत नाही, तेव्हा एका शेंड्यावरून दुसऱ्यावर, एका शेतातून दुसऱ्यात पसरायला तिला वारा पुरतो. गावोगाव जायला तर माणूसच मदत करतो, कारण साबुकंद बियांपासून लावत नाहीत. दांड्याचे तुकडे करून बेणं लावतात. पाहुण्याला प्रेमाने दिलेल्या बेण्याच्या मोळीतून हा ढेकूण सरहद्दी ओलांडतो.

कसावा स्वतः परदेशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलकडून ह्या किनाऱ्यावर आणला आणि चार शतकं तो इथे सुखाने वाढला, कारण त्याचे जन्माचे वैरी समुद्रापलीकडे राहिले होते. आता त्यांच्यातला एक येऊन पोचला आहे आणि तो एकटाच आला आहे. त्याचा स्वतःचा वैरी मागेच राहिला. तो वैरी कोण, हे कोणालाच माहीत नाही.

फवारणी करून हे का आवरत नाही, असं तुमच्या मनात आलंच असेल. ज्या पानांवर औषध मारायचं तीच पानं संध्याकाळी भांड्यात जाणार आहेत. मेणाच्या थराखाली औषध नीट पोचत नाही. आणि ज्या बाईचं शेत आहे तिच्याकडे पंप नाही, औषधाला पैसेही नाहीत. ज्या शेतात ढेकूण जोर धरतो तिथे कंदाचं ऐंशी टक्क्यांपर्यंत नुकसान होतं. पानांचं झालेलं नुकसान तर रोजच्या ताटात दिसतं.

मिटा.

१९७७, पॅरिस. निसर्गेतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयातली एक खोली. ब्राझाव्हिलहून आलेले ढेकूण इथे दानिएल मातिल-फेरेरो यांच्या टेबलावर आहेत. पिठ्या ढेकूण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, दहापट भिंगानेही नाही. आधी त्याला पोटॅशच्या पाण्यात ठेवून आतलं सगळं विरघळवायचं, उरलेली पारदर्शक कातडी रंगवायची, काचपट्टीवर पसरायची आणि कॅनडा बाल्समच्या थेंबात कायमची बसवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या कातडीवरची रंध्रं मोजायची. तीन कप्प्यांची किती, पाच कप्प्यांची किती, कुठे दाट आणि कुठे विरळ. ढेकणाची सगळी ओळख त्या रंध्रांत असते.

ही रंध्रं आजवर वर्णन झालेल्या कोणाशीही जुळत नाहीत. मातिल-फेरेरो नवं नाव देतात: फेनाकोकस मॅनिहोटी. कापसावर येऊन विदर्भातल्या शेतकऱ्याला रडवून गेलेला पिठ्या ढेकूणही ह्याच फेनाकोकस कुळीतला.

नाव मिळालं, पण ह्याचं घर कुठलं? आफ्रिकेत तो नवखा आहे. पिकाचं मूळ दक्षिण अमेरिकेत, म्हणून ढेकणाचंही तिथेच असावं, हा तर्क बरोबर आहे. पण दक्षिण अमेरिका केवढी! कॅरिबियन किनाऱ्यापासून अर्जेंटिनापर्यंत साबुकंद पिकतो.

शोध उत्तरेकडे सुरू झाला आणि एक ढेकूण सापडलाही. गयाना, व्हेनेझुएला, कोलंबिया ह्या भागात साबुकंदाच्या शेंड्यांवर तशीच पांढरी भुकटी दिसली, शेंडेही तसेच आवळलेले. त्याच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या गोळा झाल्या. आफ्रिकेतल्या ढेकणावर त्या सोडून पाहिल्या, पण त्या रुजल्या नाहीत. त्या ढेकणाला त्यांनी आपलं मानलंच नाही.

इथे जरा थांबा. ढेकूण ओळखण्यातली हीच चूक आफ्रिकेत आधी एकदा झाली होती. भिंग मिटा आणि चाळीस-पन्नास वर्षं मागे चला.

केनिया, थिकाचा परिसर. लाल माती आणि कॉफीचे मळे. १९२३ मध्ये कॉफीवर पिठ्या ढेकूण दिसला आणि काही वर्षांत मळे चिकट, काळवंडलेले दिसू लागले. मुंग्या त्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात, म्हणून मळेवाले प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चिकट पट्टे बांधत सुटले, मुंगी वर चढू नये म्हणून. कीटकशास्त्रज्ञांनी ढेकणाला आधी लिंबावरचा सर्वत्र आढळणारा ढेकूण मानलं, मग पूर्वेकडच्या देशांतला एक. तसं मानल्यावर त्याचे शत्रूही पूर्वेकडे शोधायला हवेत. शोधले, आणले, सोडले. एकाचाही उपयोग झाला नाही. शेवटी १९३५ मध्ये ले पेली यांनी दाखवून दिलं की हा आधी कोणी न ओळखलेला, वेगळाच ढेकूण आहे. त्याला केनियाचं नाव मिळालं, पण त्याचं घर केनियात नव्हतं. घर शेजारच्या युगांडात होतं. १९३८ मध्ये तिथून आणलेल्या इवल्या गांधीलमाश्यांनी कॉफी वाचवली. त्या होत्या अनागायरस कुळीतल्या.

अनागायरस हे नाव मनात ठेवा.

त्या बारा वर्षांचं मला फार वाईट वाटतं. ज्यांनी आडवाटेला शोध घेतला ती आळशी किंवा अडाणी माणसं नव्हती. औषध हाताशी, शेजारच्या देशात होतं, आणि एका चुकीच्या नावाने त्यांना समुद्र ओलांडायला लावला.

पुन्हा पुढे या. १९८१, लंडन. जेनिफर कॉक्स आणि डग्लस विल्यम्स यांच्यासमोर दोन्ही ढेकूण आहेत, आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. भिंगाखाली बघितले तर भाऊ वाटावेत. पण काचपट्टीवर पोटाकडच्या बाजूची पाच कप्प्यांची रंध्रं मोजली की हिशेब जुळत नाही. शेतात पाहणाऱ्यालाही एक खूण सापडते: उत्तरेकडचा ढेकूण पिवळसर आहे आणि त्याच्यात नर आहेत. आफ्रिकेतला गुलाबी, आणि सगळ्या माद्या. हे दोन वेगळे जीव आहेत. पिवळ्याला नवं नाव मिळतं, फेनाकोकस हेरेनी. नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत १९७९ पासून ह्या ढेकणामागे लागलेले स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांच्या नावावरून.

आता शोधायचं आहे ते गुलाबी ढेकणाचं माहेर. आणि ते उत्तरेत नाही, तर दक्षिणेत पाहायला हवं.

मिटा.

१९८१, पॅराग्वे. तांबडी माती, सपाट माळ, आणि जवळपास प्रत्येक घरामागे साबुकंदाचा तुकडा. ग्वारानी भाषेत त्याला मांदिओ म्हणतात. कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय कृषी केंद्राचे अँथनी बेलोटी ह्याच भागात फिरत असताना त्यांना गुलाबी ढेकूण सापडला. तुम्हीही शोधून पाहा. शेंडे उलटे करत एका ओळीच्या टोकापर्यंत जा. झाडं टवटवीत आहेत, पेरं लांब आहेत. खूप शोधल्यावर एका शेंड्यावर दोन-चार ढेकूण दिसतील. किन्शासात ज्याने शेतं उजाड केली तो इथे इतका दुर्मीळ, की मुद्दाम शोधणाऱ्यालाच दिसावा. म्हणजे त्याला इथे कोणीतरी आवरून धरतंय.

कोण ते, पाहण्यासाठी भिंग उघडा. त्या चारांतला एक ढेकूण तपकिरी पडला आहे. फुगून पिंपासारखा झाला आहे, कातडी कडक झाली आहे. ह्याला ममी म्हणतात. आतून कोणीतरी त्याला खाऊन टाकलं आहे आणि आता त्याच्या टणक कातडीची खोली करून राहतंय. अशा ममी राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या यासीन यांनी इथून गोळा केल्या आणि इंग्लंडला पाठवल्या. इंग्लंडला का? तिथल्या थंडीत साबुकंद उगवत नाही, हा ढेकूणही जगत नाही. कुपीतून एखादी माशी निसटलीच तरी तिला बाहेर जगायला काही मिळणार नाही. पिढ्यांमागून पिढ्या तिथे वाढवून पाहिलं की हिच्याबरोबर दुसरा कोणी चोरून आलेला नाही ना, आणि मगच आफ्रिकेत न्यायची परवानगी.

ममीतून निघालेल्या गांधीलमाशीला मात्र नाव शोधावं लागलं नाही. अर्जेंटिनातल्या ला प्लाताचे लुईस दे सांतिस यांनी १९६४ मध्येच तिचं वर्णन करून ठेवलं होतं: अपोअनागायरस लोपेझी. ती आफ्रिकेचा साबुकंद वाचवेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल. एका माणसाने आपल्या देशातल्या डोळ्याला दिसेल न दिसेल अशा गांधीलमाश्या काळजीने मोजल्या, रेखाटल्या आणि नावं देऊन ठेवल्या. सतरा वर्षांनी ते काम दुसऱ्या खंडाच्या उपयोगी पडलं. संग्रहालयातल्या खणांत अशी किती कामं पडून असतील, ह्या विचाराने मला हुरूप येतो आणि अस्वस्थही वाटतं.

मिटा.

नोव्हेंबर १९८१. नायजेरिया, आबेओकुटा. पाऊस संपला आहे. उत्तरेकडून सहारातली धूळ घेऊन येणारा हरमाटन वारा लवकरच सुरू होईल, ओठ फुटायला लागतील. ढेकणाचा हंगाम आता सुरू होतोय. तुम्ही साबुकंदाच्या ओळीत उभे आहात आणि कोणीतरी कुपीचं बूच काढतंय.

काहीच घडल्यासारखं वाटत नाही. कुपीच्या तोंडाशी काळे ठिपके चालतात, थांबतात, शृंगिका पुसतात आणि दिसेनासे होतात. त्यांच्या मागे जायचं असेल तर भिंग उलटं धरा, रुंद बाजू तुमच्याकडे.

तुम्ही आता दीड मिलिमीटरचे आहात.

पानाची मधली शीर तुमच्या डाव्या हाताला बांधासारखी उंच आहे. पायाखाली चिकट आहे. ढेकणाने टाकलेला साखरेचा चिकटा वाळून इथे पापुद्रा झाला आहे. समोर पांढऱ्या मेणाच्या दोरखंडांचं रान आहे, आणि त्या रानात एक गुलाबी टेकडी श्वास घेते आहे. ती झाडाच्या आत सोंड खुपसून बसली आहे, हलत नाही.

लोपेझी येते. आधी वास घेत. झाड ढेकणाने पोखरलं की त्याचा गंध बदलतो, आणि ढेकूण नसलेल्या पानालाही तो गंध येतो. ह्या गंधावरूनच तिला शेत सापडतं. तिचं अंग काळं, चकचकीत. शृंगिकांवर काळे-पांढरे पट्टे आहेत आणि त्या दोन्ही शृंगिकांनी ती टेकडीवर ढोल बडवल्यासारखं वाजवत चालते. हे तिचं चाचपणं. केवढा आहे, कोवळा आहे की जुना, आत आधीच कोणी आहे का? मग वळते, मागचा भाग टेकवते आणि आपली नळी आत घुसवते. ढेकूण शेपटाकडून उसळतो, एक चिकट थेंब सोडतो. तो थेंब अंगावर पडला तर तिला पुसत बसावं लागतं. ह्या वेळी पडत नाही. काही क्षणांत अंडं आत गेलेलं असतं.

सगळ्याच वेळी ती अंडं घालते असं नाही. काही ढेकणांना ती नुसती भोसकते आणि भोकातून झिरपणारा रस पिते. ह्या रसावर तिची पुढची अंडी पोसली जातात. असा भोसकलेला ढेकूणही मरतो.

अंडं नराचं की मादीचं, हेही तीच ठरवते. नराशी मिलन झाल्यावर मिळालेलं बीज तिच्या पोटात साठवलेलं असतं. अंडं बाहेर पडताना त्याला बीज लावलं तर मुलगी, न लावता घातलं तर मुलगा. ढेकूण लहान असेल तर त्यात पोसली जाईल ती लहान माशी, म्हणून तिथे मुलगा. मोठ्या ढेकणात मुलगी. ढेकणाचं माप आणि तिच्या घरातल्या मुलींची संख्या असं एकमेकांना बांधलेलं आहे. हे लक्षात असू द्या, कारण पुढे मातीचा प्रश्न येणार आहे.

आता इथेच थांबा. सुमारे दोन आठवडे. ती गुलाबी टेकडी हळूहळू तपकिरी होते, ताठरते. आणि एका सकाळी तिच्या टोकाला आतून कुरतडल्याचा आवाज येतो. जबड्याने गोल कापत नवी माशी भोक पाडते, डोकं बाहेर काढते, शृंगिका मोकळ्या करते. पंख अजून ओले आहेत. पाहून घ्या: तिच्या मधल्या पायाच्या पोटरीच्या टोकाला एक जाडसर काटा आहे आणि छातीची बाजू फुगीर आहे, त्यात उडी मारायचे स्नायू भरले आहेत. तुम्ही अंदाज बांधायच्या आत ती टुणकन उडी मारून नाहीशी झालेली असते.

भिंग सरळ करा. तुमचं तुमचं माप परत घ्या.

पुढचे दोन कोरडे हंगाम गेले की इबादानच्या प्रयोगशाळेत या. टेबलावर कुप्यांच्या रांगा, प्रत्येक कुपीत शेतातून आणलेल्या ममी, बुचाला जाळी. ममीतून जे बाहेर पडेल ते नोंदवायचं, एवढंच काम. सोपं वाटतं का? पहिल्या कुपीत लोपेझी आहे. दुसऱ्या कुपीतही काळी, बारीक माशी आहे, पण ती लोपेझी नाही. आफ्रिकेत मुळापासून असलेल्या काही गांधीलमाश्या ह्या नव्या पाहुणीच्या मागावर आल्या आहेत. ढेकणाच्या पोटात लोपेझीची अळी, आणि लोपेझीच्या अळीत हिची. प्रोकिलोन्यूरस ही त्यांच्यातली एक. ती लोपेझीच्याच कुळातली, एन्सिर्टिडी कुळातली, म्हणजे तिच्याही मधल्या पायाला तोच काटा आणि पुढच्या पंखावर तीच केस नसलेली तिरकी रेघ. भिंगातून घाईने पाहणारा हमखास फसेल. कार्टोसेरस त्या मानाने ओळखायला सोपी. तिच्या शृंगिकेचं टोक एकसंध, लांब गदेसारखं असतं. मारिएट्टाच्या पंखावर बिबट्यासारखे ठिपके असतात.

लोपेझी आणि ह्या माश्यांत गल्लत झाली तर काय होईल? शंभर ममींतून शंभर माश्या निघाल्या, मित्रकीटक भरपूर आहेत, असं वहीत लिहिलं जाईल, आणि त्यातल्या निम्म्या मित्राला खाणाऱ्या असतील. म्हणून प्रत्येक माशी अल्कोहोलमधून काढायची, शंका आली तर पंख आणि शृंगिका सोडवून काचपट्टीवर बसवायच्या, मगच वहीत खूण करायची. पुढे बेनिनमध्ये गेऑर्ग ग्योर्गेन यांनी ह्या शत्रूंच्या शत्रूंचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी लोपेझीला छळलं, पण थांबवलं नाही.

आता नकाशा. इबादानहून गाडी निघते, ठरावीक अंतरावर थांबते, रस्त्याकडेच्या शेतातून शेंडे खुडले जातात, पिशवीत भरले जातात, पिशवीवर गावाचं नाव आणि तारीख. पुन्हा गाडी, पुन्हा शेत. कुठे लोपेझी निघाली, कुठे नाही. तीन वर्षांत नैर्ऋत्य नायजेरियात ती सुमारे २ लाख चौरस किलोमीटरवर पोचली होती. महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश भागाएवढं क्षेत्र, तेही स्वतःच्या पंखांवर.

सगळी आफ्रिका तशी व्यापायची तर माश्याही तेवढ्या लागणार. त्यासाठी इबादानमध्ये खास उभे खांब केले: नळकांड्याला भोकं पाडून, त्यात साबुकंदाची बेणी खोचून, आतून पाणी आणि खतं देऊन. जागा थोडी आणि शेंडे पुष्कळ. त्यावर ढेकूण वाढवायचे, ढेकणांवर माश्या. दूरच्या शेतांसाठी विमानातून सोडायची पद्धतही बसवली. स्पंजाच्या बारीक नळ्यांत माश्या भरून त्या वरून टाकायच्या. पुढच्या वर्षांत लोपेझी सेनेगलच्या बाजूपासून मोझांबिकपर्यंतच्या कसावापट्ट्यात, दोन डझनांहून अधिक देशांत, झाईरमध्येही, स्थिरावली. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नॉरगार्ड यांनी १९८८ मध्ये हिशेब मांडला: खर्चलेल्या एका डॉलरमागे १४९ डॉलरचा लाभ. १९९५ मध्ये हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

नकाशावर काही जागा मात्र ढेकणाच्याच ताब्यात राहिल्या. अशा एका शेतात उतरा. पायाखाली पांढरी, निकस रेती, पालापाचोळा नाही, झाडं काटकुळी. कुपोषित झाडावरचे ढेकूणही लहानच राहतात. लहान ढेकणात ती मुलगे घालते, हे तुम्ही पाहिलंत. मुली कमी म्हणजे पुढच्या पिढीत अंडी घालणाऱ्याच कमी, आणि ढेकूण वरचढ. शेजारच्या शेतात कोणी जमिनीवर गवताचं आच्छादन घातलं आहे, तिथे झाडं भरली आहेत, ढेकूण मोठे आहेत आणि ममीही पुष्कळ. गांधीलमाशी कुठे टिकते ह्याचं उत्तर मातीपाशी येऊन थांबतं, हे मला ह्या सगळ्या कथेतलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

बेनिनमध्ये कोतोनूजवळ इबादानच्या त्याच संस्थेच्या केंद्रात कीटकांचा संग्रह आहे. कपाटाचा खण हळू ओढा. कागदाच्या त्रिकोणी चिठोऱ्याच्या टोकाला डिंकाने चिकटवलेली एक-एक माशी, खाली तांदळाएवढ्या अक्षरांची चिठ्ठी: गाव, तारीख, कशावर सापडली, कोणी गोळा केली. ही चिठ्ठी हरवली की तो नमुना नकाशावर कुठेच ठेवता येत नाही. लोपेझीचं नावही ह्या वर्षांत फिरत राहिलं. अपोअनागायरसची एपिडिनोकार्सिस झाली, परत अपोअनागायरस, आणि आज ती अनागायरस लोपेझी आहे. थिकाच्या कॉफीवरच्या त्या युगांडाच्या माशीच्याच कुळीत.

आणि ही तर नाव असलेली. खाली केपटाऊनला इझिको संग्रहालयात जाऊन पाहिलंत तर आफ्रिकेच्या जंगलांतून, गवताळ माळांतून जमवलेल्या बरण्याच बरण्या दिसतील. जाळीच्या तंबूंत अडकलेल्या, साबणाच्या पाण्याने भरलेल्या पिवळ्या थाळ्यांत उतरलेल्या बारीक गांधीलमाश्या. पिवळ्या रंगाकडे त्या ओढल्या जातात. सायमन व्हॅन नूर्ट यांनी आफ्रिकेतल्या गांधीलमाश्यांची छायाचित्रं आणि ओळखीच्या किल्ल्या कोणालाही वापरता येतील अशा खुल्या करून ठेवल्या आहेत. तरीही बरण्यांतल्या कितीतरी जणींना अजून नाव नाही. त्यांतली कोण कोणाला आवरून धरते, हे कोणी पाहिलेलं नाही. पुढचा ढेकूण कुठून येईल आणि त्याची वैरीण कोणत्या बरणीत आहे, ह्याची मला खरोखर काळजी वाटते.

शेवटचं मिटा.

२०२२, मार्च. तमिळनाडू, सेलम जिल्हा. डोंगरांच्या मधल्या सपाटीवर साबुकंदाची शेतं. इथले कंद जवळच्या कारखान्यांत जातात, त्यांचं सत्त्व काढून गोल दाणे होतात, वाळतात, पोत्यांत भरतात. ह्या भागातला साबुदाणा महाराष्ट्राच्या बाजारात येतो, आणि एकादशीला किंवा महाशिवरात्रीला शेंगदाण्याच्या कुटात परतला जातो.

दोन वर्षांपूर्वी, २०२० मध्ये, केरळमध्ये साबुकंदावर गुलाबी ढेकूण दिसला आणि तिथून तमिळनाडूत आला. ह्या वेळी मात्र कोणाला पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे धावावं लागलं नाही. तो कोण, हे ठाऊक होतं. त्याच्यावर कोण, हेही. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने बेनिनहून लोपेझी आणली, वाढवली आणि येथापूरच्या संशोधन केंद्रात शेतावर सोडली. पॅराग्वेहून इंग्लंड, इंग्लंडहून इबादान, बेनिन, बंगळूर, आणि मग हे शेत.

सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांनी या. ऊन चढलंय. एक शेंडा उलटा करा. दोन ढेकूण आहेत, गुलाबी. त्यांच्या शेजारी तिसरा, तपकिरी, कडक. भिंग उघडा. त्याच्या टोकाला गोल भोक आहे, कड गुळगुळीत कापलेली. आत कोणी नाही.